गर्भाशय आकुंचनाची औषधे : कळांपासून रक्तस्रावापर्यंत

गर्भाशयाचे आकुंचन घडवून आणणारी औषधे बाळंतपणात दोन निरनिराळ्या वेळी वापरली जातात. बाळ जन्मण्याआधी ती कळा सुरू करण्यासाठी किंवा मंदावलेल्या कळांना जोर आणण्यासाठी दिली जातात. बाळ जन्मल्यानंतर ती वार लवकर सुटावी आणि रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून दिली जातात. ऑक्सिटोसिन, मिथाइलअर्गोमेट्रिन, मिसोप्रोस्टॉल, कार्बोप्रोस्ट आणि कार्बेटोसिन ही या गटातली मुख्य नावे. ती सगळी दोन्ही वेळा चालत नाहीत. ऑक्सिटोसिन आणि मिसोप्रोस्टॉल दोन्हीकडे वापरतात, मात्र मात्रेत जमीनअस्मानाचे अंतर असते. मिथाइलअर्गोमेट्रिन, म्हणजे दवाखान्यांतले ‘मिथर्जिन’, आणि कार्बेटोसिन बाळ पोटात असताना देणे धोक्याचे असते.

जन्मानंतर या औषधांची एवढी निकड का असते, याचे उत्तर गर्भाशयाच्या रचनेत आहे. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते. वार सुटली की तिच्या जागी भिंतीतल्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. ती बंद करण्याचे काम मुख्यतः गर्भाशयाच्या स्नायूंवर असते. एकमेकांत गुंतलेले स्नायुतंतू आखडले की त्यांच्यामधून जाणाऱ्या वाहिन्या आवळल्या जातात. स्नायू सैल राहिले तर धडधाकट बाईसुद्धा तासा-दोन तासांत दगावू शकते. प्रसूतिपश्चात रक्तस्रावाच्या बहुतेक घटनांमागे हेच सैलपण असते.

रायपूर आणि छत्तीसगडच्या संदर्भात या विषयाला आकड्यांची पार्श्वभूमी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५–०६ मध्ये राज्यातली जेमतेम १५ टक्क्यांच्या आसपास बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९–२१ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ८६ टक्क्यांवर गेले. गावोगावच्या मितानिन आरोग्य कार्यकर्त्या, जननी सुरक्षा योजना आणि १०२ क्रमांकाची महतारी एक्स्प्रेस यांचा या बदलात मोठा वाटा आहे. मातामृत्यूही घटले, पण अंतर बुजलेले नाही. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१८–२० च्या आकडेवारीत दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू छत्तीसगडमध्ये १३७, देशात ९७ आणि शेजारच्या महाराष्ट्रात ३३ होते. बाई दवाखान्यापर्यंत पोहोचू लागली, तेव्हा तिथे तिला कोणते औषध, कोणत्या स्थितीत आणि कोणत्या क्षणी मिळते हा प्रश्न पुढे आला. त्याची उत्तरे देणारे काही महत्त्वाचे अभ्यास रायपूरपासून फार दूर झालेले नाहीत. गडचिरोलीची हद्द छत्तीसगडला लागून आहे, नागपूर रेल्वेने काही तासांवर आहे, आणि दूरच्या बेळगावच्या एका चाचणीने तर जगभरच्या धोरणावर परिणाम केला.

अर्गटपासून ऑक्सिटोसिनपर्यंत

या गटातले सर्वांत जुने औषध बुरशीतून आले. राय या धान्याच्या कणसावर वाढणारी अर्गट ही बुरशी युरोपातल्या सुइणी कळा आणण्यासाठी वापरत. १८०८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन स्टर्न्स यांनी तिच्याबद्दल लिहिल्यावर डॉक्टरांमध्येही तिचा वापर पसरला. पुढच्या काही वर्षांतच गर्भाशय फाटल्याच्या आणि मृत बाळांच्या घटना वाढल्या. डेव्हिड होसॅक यांनी १८२० च्या दशकात इशारा दिला की, हे चूर्ण बाळ जन्मल्यानंतर रक्तस्रावासाठीच वापरावे. जन्माआधी आणि जन्मानंतरच्या वापरातली ही सीमारेषा दोनशे वर्षांपूर्वीच आखली गेली होती. आजचे बरेचसे वाद तिच्याच आसपास फिरतात.

१९०६ मध्ये हेन्री डेल अर्गटवर काम करत असताना त्यांना दिसले की पियुषिका ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्कही गर्भाशय आकुंचित करतो. १९०९ मध्ये लिव्हरपूलच्या ब्लेअर-बेल यांनी तो रुग्णांवर वापरला. १९३५ मध्ये डडली आणि मॉयर यांनी अर्गटमधला नेमका प्रभावी घटक, अर्गोमेट्रिन, वेगळा केला. १९५३ मध्ये व्हिन्सेंट दु विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केले आणि त्यासाठी १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. ग्रंथींच्या अर्कातली भेसळ आणि अनिश्चितता त्यामुळे संपली. मिसोप्रोस्टॉल मात्र आडवाटेने आले. ते जठरव्रणाचे औषध होते. गर्भाशयावरचा त्याचा परिणाम सुरुवातीला गर्भवतींना दिलेल्या इशाऱ्यापुरता मर्यादित होता, पुढे तोच त्याचा मुख्य उपयोग ठरला.

जन्मानंतरची मात्रा

जन्मानंतर प्रत्येक बाळंतिणीला आकुंचनाचे औषध द्यावे की केवळ रक्तस्राव झाला तरच, हा प्रश्न १९८० च्या दशकापर्यंत खुला होता. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिस्टलच्या चाचणीत १,६९५ बायका होत्या. औषध, नाळेला लवकर चिमटा आणि नाळ हलकेच ओढून वार काढणे, अशी सक्रिय पद्धत वापरल्यावर रक्तस्रावाचे प्रमाण १७.९ टक्क्यांवरून ५.९ टक्क्यांवर आले. नैसर्गिक पद्धतीचा आग्रह धरणाऱ्या सुइणींचा आक्षेप असा होता की, ब्रिस्टलच्या कर्मचाऱ्यांना वाट पाहण्याची पद्धत अंगवळणीच नव्हती, त्यामुळे तुलना न्याय्य झाली नाही. हा आक्षेप रास्त होता. म्हणून दोन्ही पद्धतींची सवय असलेल्या हिंचिंगब्रुक रुग्णालयात पुन्हा चाचणी झाली. १९९८ च्या तिच्या निष्कर्षांत हे आकडे १६.५ आणि ६.८ टक्के होते, म्हणजे दिशा तीच राहिली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या मोठ्या चाचणीतून दिसले की नाळ ओढण्याची कृती वगळली तरी फारसे बिघडत नाही. सक्रिय पद्धतीतला निर्णायक भाग औषधच आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. नाळेला घाईने चिमटा लावणेही आता मागे पडले आहे.

भारतात परिचारिका आणि एएनएम (सहायक परिचारिका) यांना हे औषध देण्याची मुभा टप्प्याटप्प्याने मिळाली. केंद्र सरकारच्या २०१० च्या सुधारित मार्गदर्शिकेत प्रत्येक बाळंतपणात स्नायूत १० युनिट ऑक्सिटोसिन किंवा ते नसेल तर तोंडाने ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल असा नियम आहे. सरकारी प्रसूतिगृहात सात ट्रे मांडलेले असावे लागतात. औषधांच्या ट्रेमध्ये ऑक्सिटोसिनचे नाव असते, पण ॲम्प्यूल फ्रिजमध्ये ठेवायची सूचनाही सोबत असते. बाळाचे डोके दिसू लागले की परिचारिका पाच-पाच युनिटांच्या दोन ॲम्प्यूल बाहेर काढते, त्यांची मान मोडून सिरिंज भरून ठेवते. बाळ बाहेर आल्यावर बाईच्या पोटावर हात ठेवून आत दुसरे बाळ नाही ना, हे आधी चाचपते आणि मगच सुई टोचते. हे चाचपणे राहून गेले आणि जुळे निघाले, तर आतल्या बाळाचा जीव धोक्यात येतो. सगळे मिळून एका मिनिटाचे काम, पण त्यातल्या प्रत्येक पायरीला कारण आहे.

ऑक्सिटोसिन सर्वांत चांगले आहे का, यावर अजून मतभेद आहेत. २०१८ मध्ये कॉक्रेन संस्थेने १९६ चाचण्या आणि १,३५,५५९ बायकांची माहिती एकत्र करून तुलना केली. ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्तस्राव टाळण्यात अर्गोमेट्रिन व ऑक्सिटोसिन एकत्र, मिसोप्रोस्टॉल व ऑक्सिटोसिन एकत्र आणि कार्बेटोसिन हे तिन्ही पर्याय नुसत्या ऑक्सिटोसिनपेक्षा काहीसे सरस ठरले. जोडीच्या औषधांनी उलट्या, रक्तदाब किंवा थंडी-ताप यांचे त्रास वाढतात. मिथर्जिन तर रक्तदाबाच्या रुग्णाला द्यायचेच नसते, आणि कार्बोप्रोस्ट दम्याच्या रुग्णाला चालत नाही. म्हणून पहिला मान ऑक्सिटोसिनकडेच राहिला. ते स्नायूत टोचावे की शिरेतून द्यावे, हाही प्रश्न आहे. आयर्लंडमधल्या २०१८ च्या एका चाचणीत शिरेतून दिल्यावर तीव्र रक्तस्राव कमी झाला. ज्या बाईला आधीच सलाइन लावलेले आहे तिथे हे सोपे. उपकेंद्रात एकट्याने काम करणाऱ्या एएनएमसाठी मांडीतली सुईच व्यवहार्य ठरते.

उन्हाळा आणि शीतसाखळी

ऑक्सिटोसिनचा मोठा कमकुवतपणा म्हणजे उष्णता. ते २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते, आणि रायपूरचा मे महिना ४४–४५ अंशांपर्यंत जातो. औषध खराब झाले तरी ॲम्प्यूलचा रंग बदलत नाही. टोचणाऱ्या परिचारिकेला आणि टोचून घेणाऱ्या बाईला ते निकामी आहे हे कळण्याचा मार्ग नसतो. रक्त थांबत नाही तेव्हा दोष बाईच्या शरीराला दिला जातो. या विषयातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब कदाचित हीच आहे.

साठवणुकीबद्दलचा गोंधळ जुना आहे. १९९० च्या दशकातल्या अभ्यासांवरून ऑक्सिटोसिन थोडा काळ फ्रिजबाहेर राहिले तरी चालते, असा समज रूढ झाला. काही उत्पादकांच्या वेष्टनावर २ ते ८ अंश छापलेले असते, तर काहींवर २५ अंशांखाली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी एकत्रित निवेदन काढून ते कायम शीतसाखळीतच ठेवावे, आणि जागा नसेल तर लसींच्या शीतसाखळीत ठेवावे, असे स्पष्ट केले. लसीकरण विभागाचे फ्रिज पूर्वी लसींसाठीच राखीव समजले जात. प्रसूतिगृहाची जबाबदारी एका विभागाकडे आणि फ्रिजची दुसऱ्याकडे, अशी विभागणी असेल तर हा बदल आदेशाने लगेच घडत नाही.

औषधाच्या दर्जाची स्थिती चिंताजनक आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतून गोळा केलेल्या ऑक्सिटोसिनच्या नमुन्यांपैकी सुमारे ४५.६ टक्के, आणि २०२० च्या दुसऱ्या आढाव्यात अर्गोमेट्रिनच्या नमुन्यांपैकी ७५.४ टक्के निकषांत बसले नाहीत. यात कारखान्यातला दोष किती आणि वाहतूक-साठवणुकीतला किती, हे वेगळे करणे अवघड असते. छत्तीसगडमध्ये सरकारी दवाखान्यांची औषधखरेदी रायपूरला मुख्यालय असलेल्या छत्तीसगड मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनकडे आहे. त्यामुळे कारखान्यापासून बस्तर किंवा सरगुजातल्या उपकेंद्रापर्यंतच्या साखळीत कुठे काय तपासले जाते, हा प्रश्न राज्यातही तितकाच लागू पडतो.

उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन हा यावरचा एक पर्याय. २०१८ च्या मोठ्या चाचणीत भारतासह १० देशांतल्या २३ रुग्णालयांमध्ये २९,६४५ बायकांना १०० मायक्रोग्रॅम कार्बेटोसिन किंवा १० युनिट ऑक्सिटोसिन दिले गेले. ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्तस्राव किंवा जादा औषधाची गरज, यांचे प्रमाण १४.५ आणि १४.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखे आले. १,००० मिलिलिटरहून अधिक रक्तस्रावातही आकडे जवळचेच होते, पण तशा घटना कमी असल्याने दोन्ही औषधे तुल्य आहेत, असे काटेकोरपणे सिद्ध करता आले नाही. चाचणीत ऑक्सिटोसिन नीट थंड ठेवलेले होते, हे लक्षात घ्यावे लागते. समर्थकांचे म्हणणे असे की, प्रत्यक्षात ते तसे नसते, म्हणून गावपातळीवर कार्बेटोसिनचा फायदा चाचणीत दिसला त्याहून मोठा असेल. २०१९ मध्ये ते जागतिक अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. शंका घेणाऱ्यांचा मुद्दा खर्चाइतकाच व्यवस्थेचाही आहे. कळा आणण्यासाठी ऑक्सिटोसिन लागणारच, त्यामुळे फ्रिजची गरज संपत नाही. शिवाय कार्बेटोसिनचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. चुकून ते जन्माआधी दिले गेले तर ते थांबवता येणार नाही. समर्थक हाच मुद्दा उलट बाजूने मांडतात. जन्माआधी वापरण्याची सोयच नसल्याने, त्यांच्या मते, गैरवापराचा मोहही होणार नाही.

घरी होणारी बाळंतपणे आणि मिसोप्रोस्टॉल

दवाखान्यात बाळंतपणे वाढली तरी छत्तीसगडमध्ये सातातले एक बाळंतपण घरीच होते, आणि ही घरे दूरच्या, डोंगराळ आणि आदिवासी भागांत एकवटलेली आहेत. तिथे ‘सुईन’, म्हणजे पारंपरिक दाई, असते. फ्रिज नसतो, सुई टोचायला कोणी प्रशिक्षित नसते. अशा ठिकाणी खोलीच्या तापमानाला टिकणारी, तोंडाने घ्यायची मिसोप्रोस्टॉलची गोळी चालेल का, हा प्रश्न बेळगावच्या संशोधकांना पडला होता.

केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकी संशोधकांसोबत २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात चाचणी घेतली. १,६२० बायकांपैकी निम्म्यांना जन्मानंतर ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी मिळाली. त्या गोळ्या एएनएमनी दिल्या. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले, तर तीव्र रक्तस्राव १.२ वरून ०.२ टक्क्यांवर. दर १८ बायकांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळत होता. थंडी वाजण्याचा त्रास वाढला, पण तो तात्पुरता होता. २००६ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०११ मध्ये मिसोप्रोस्टॉल रक्तस्राव टाळण्यासाठी जागतिक अत्यावश्यक यादीत समाविष्ट झाले.

या चाचणीवर टीकाही झाली. निष्प्रभ गोळीशी तुलना करणे कितपत योग्य, असा प्रश्न विचारला गेला. संशोधकांचे उत्तर असे होते की घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणात तेव्हा कोणतेच औषध देण्याची रीत नव्हती, त्यामुळे तुलना प्रत्यक्षातल्या परिस्थितीशीच होती. ऑक्सिटोसिन उपलब्ध असेल तिथे मिसोप्रोस्टॉल मागे पडते, यात वाद नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८,५३० बायकांच्या चाचणीत एक लिटरहून अधिक रक्तस्राव मिसोप्रोस्टॉल घेतलेल्यांपैकी ४ टक्के आणि ऑक्सिटोसिन घेतलेल्यांपैकी ३ टक्के बायकांना झाला.

खरा मतभेद गोळी आधीच गरोदर बाईच्या हाती द्यावी का, यावर आहे. केंद्र सरकारने २०१३ मध्ये घरी बाळंतपणे जास्त होणाऱ्या भागांत आशा कार्यकर्त्यांमार्फत असे वाटप करण्याची मार्गदर्शिका काढली. समर्थकांच्या मते, दवाखान्यात पोहोचू न शकणाऱ्या बाईला रस्ता आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायला सांगणे अन्याय्य आहे. साशंक असलेल्या मंडळींचे मुद्दे तीन. गोळी बाळ जन्मण्याआधी घेतली जाण्याची भीती. घरीच बाळंत होण्याला प्रोत्साहन मिळण्याची शक्यता. आणि गोळी आधी वाटल्याने मातामृत्यू घटतात याचा थेट पुरावा नसणे. २०१२ मध्ये काही ब्रिटिश अभ्यासकांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीचा पाया तपासून तो अपुरा असल्याचे मांडले. आधी वाटपाबाबत कॉक्रेनच्या आढाव्यांनाही ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही. गर्भपातासाठी गोळीचा गैरवापर होईल, ही प्रशासनाची भीती आणखी वेगळी. तिच्यामुळे अनेक ठिकाणी साठा कुलपात राहतो.

जन्माआधीचा वापर

कळा मंदावल्यावर सलाइनमधून ऑक्सिटोसिन देणे ही मान्य पद्धत आहे, पण तिचे नियम काटेकोर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेप्रमाणे ५०० मिलिलिटर सलाइनमध्ये २.५ युनिट मिसळून मिनिटाला १० थेंबांनी सुरुवात करतात. म्हणजे मिनिटाला एका युनिटाचा चारशेवा भाग. जन्मानंतर एका झटक्यात टोचली जाणारी १० युनिटे या गतीने द्यायची ठरवली तर सुमारे ६७ तास लागतील. बाळ पोटात असताना स्नायूत ऑक्सिटोसिन टोचणे का वर्ज्य आहे, हे या हिशेबावरून कळते. दोन कळांच्या मध्ये गर्भाशय सैल झाले तरच बाळाला रक्त मिळते. कळा एकमेकींना चिकटल्या की बाळ गुदमरते, आणि पूर्वी सिझेरियन झालेल्या बाईचे गर्भाशय फाटू शकते.

तरीही उत्तर भारताच्या खेड्यांत घरच्या बाळंतपणात गावातल्या डॉक्टरला बोलावून ‘कळांचे इंजेक्शन’ देणे सर्रास चालते, हे पॅट्रिशिया जेफरी आणि सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशातल्या अभ्यासातून दाखवले. नेपाळच्या सरलाही जिल्ह्यातल्या अभ्यासात अशा इंजेक्शनांचा संबंध जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळांशी आढळला. घरच्या मंडळींच्या दृष्टीने इंजेक्शन म्हणजे बाईची सुटका लवकर व्हावी म्हणून केलेला उपाय असतो. त्यामागे निष्काळजीपणा नसतो. अभ्यासकांमध्ये मतभेद आहे तो उपायावर. काहींना औषधविक्रीवर कडक नियंत्रण हवे आहे. काहींच्या मते मागणी कुठून येते हे पाहिल्याशिवाय नियंत्रण निष्फळ ठरेल.

दवाखान्यातला वापरही प्रश्नांपलीकडे नाही. गजबजलेल्या प्रसूतिगृहात खाट मोकळी व्हावी म्हणून सलाइन लावले जाते, असे निरीक्षण देशभरातून नोंदले गेले आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या लक्ष्य कार्यक्रमात प्रसूतिगृहांच्या मूल्यांकनात विनाकारण कळा वाढवण्याकडेही लक्ष दिले जाते. २०१८ च्या जागतिक शिफारशींनी ताशी एक सेंटिमीटर ही गर्भाशयमुखाच्या उघडण्याची जुनी अपेक्षा सोडून दिली, त्यामुळे ‘मंद’ कशाला म्हणायचे याची व्याख्याच बदलली. व्यवहारात मात्र सलाइनचा वेग नियंत्रित करणारा पंप नसतो, थेंब मोजायला हात कमी पडतात. नियमांत आणि वास्तवात एवढे अंतर असताना औषधाच्या सुरक्षिततेबद्दल सरसकट विधान करणे कठीण आहे.

कळा सुरू करण्याच्या बाबतीत नागपूरची चाचणी उल्लेखनीय आहे. तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भवतींमध्ये दर दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडाने देणे आणि फुगा असलेली फोली नळी वापरणे, यांची तुलना झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार २४ तासांत योनीमार्गे बाळंतपण गोळीच्या गटात ५७ टक्के आणि नळीच्या गटात ४७ टक्के झाले. स्वस्त, कमी मात्रेची गोळी सरकारी रुग्णालयात नीट वापरता येते, हे त्यातून दिसले. इथे २५ मायक्रोग्रॅम आणि रक्तस्रावासाठी ६०० हा फरक औषधपेटीवर ठळक असणे किती गरजेचे आहे, तेही. २०० मायक्रोग्रॅमची गोळी अंदाजाने तोडून तिचे आठ तुकडे करण्याची रीत अजून मोडलेली नाही.

बंदी आणि न्यायालये

पान्हा फुटावा म्हणून दुभत्या जनावरांवर होणारा ऑक्सिटोसिनचा वापर हे भारतातले वेगळे वळण. २००१ मध्ये हे इंजेक्शन एकेका मात्रेच्या वेष्टनातच विकण्याचा नियम झाला. २०१६ मध्ये हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने त्याचे उत्पादन फक्त सार्वजनिक क्षेत्रात ठेवता येईल का, हे पाहायला सांगितले. २७ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने देशांतर्गत वापरासाठी खासगी उत्पादन बंद करून ते काम बेंगळुरूच्या कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या एकाच सरकारी कंपनीकडे दिले. अंमलबजावणी आधी १ जुलै आणि मग १ सप्टेंबरपासून ठरली.

सरकारचे म्हणणे होते की, चोरटे उत्पादन रोखायला दुसरा मार्ग उरला नाही. ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क आणि औषध कंपन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. दरवर्षी कोट्यवधी बाळंतपणांत लागणारे औषध एकाच कारखान्यावर अवलंबून ठेवले आणि पुरवठा अडला तर बायकांचे जीव जातील, हा त्यांचा मुख्य मुद्दा. चोरटा माल परवानाधारक कारखान्यांमधून येतो याचा पुरावा नाही, असेही त्यांनी दाखवले. १४ डिसेंबर २०१८ रोजी न्यायमूर्ती रवींद्र भट आणि ए. के. चावला यांच्या खंडपीठाने अधिसूचना मनमानी ठरवून रद्द केली. ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवले. गैरवापराची भीती आणि उपलब्धतेची गरज यांचा तोल कुणी ठरवायचा, औषध नियंत्रकाने, पशुसंवर्धन खात्याने की आरोग्य खात्याने, हा मूळ प्रश्न त्यातून सुटलेला नाही.

रक्त मोजण्याचा प्रश्न

औषधे कितीही चांगली असली तरी रक्तस्राव वेळेत ओळखला गेला तरच ती उपयोगी पडतात. १९९५–९६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या अभय आणि राणी बंग यांच्या गटाने घरी बाळंत होणाऱ्या ७७२ बायकांचा पाठपुरावा केला, त्यात रक्तस्रावाचे प्रमाण ३.२ टक्के नोंदले गेले. बेळगावच्या निष्प्रभ गोळीच्या गटात ते १२ टक्के होते. जागा, काळ आणि व्याख्या वेगळ्या असल्याने थेट तुलना करता येत नाही, पण मोजण्याच्या पद्धतीचाही यात वाटा असणार. बेळगावला बाळ जन्मल्यावर बाईच्या खाली प्लास्टिकची चादर सरकवत. तिच्या टोकाला नरसाळ्याच्या आकाराची, खुणा आखलेली पिशवी लोंबत असे. रक्त तिच्यात उतरे आणि आकडा वाचता येई. त्याच चाचणीच्या निमित्ताने केलेल्या तुलनेत नजरेचा अंदाज चादरीच्या मोजणीपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी भरला.

ही कल्पना पुढे आफ्रिकेत गेली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर झालेल्या, २०२३ च्या चाचणीत खुणांची चादर आणि रक्तस्राव दिसताच एकाच वेळी द्यायचे उपचार, म्हणजे गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झामिक ॲसिड, सलाइन आणि तपासणी, असा संच वापरला. रक्तस्राव ओळखला जाण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर गेले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आले. वापरलेली औषधे जुनीच होती. एकामागून एक देऊन परिणामाची वाट पाहण्याऐवजी ती एकदम दिली गेली, हा फरक.

छत्तीसगडसाठी यातला अनुत्तरित भाग रक्तक्षयाशी जोडलेला आहे. २०१९–२१ च्या पाहणीत राज्यातल्या गर्भवतींपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयग्रस्त होत्या, आणि सिकलसेलचा प्रादुर्भावही मोठा आहे. अशा बाईला ५०० मिलिलिटरची रेषा गाठेपर्यंत थांबणे परवडत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि प्रसूतितज्ज्ञ व सुइणींच्या जागतिक संघटनांनी ३०० मिलिलिटर रक्त गेल्यावर नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला तर लगेच उपचार सुरू करावेत, अशी शिफारस केली. एवढ्या खालच्या रेषेवर किती जास्त बायकांना दुसरी-तिसरी औषधे द्यावी लागतील, त्यांचे दुष्परिणाम किती वाढतील, उपकेंद्रातला साठा पुरेल का, आणि आधीच रक्त कमी असलेल्या बाईसाठी ३०० ही रेषासुद्धा उशिराची ठरते का, या प्रश्नांवरचे काम अजून चालू आहे.